पूर आला आणि डायलिसिसचं सेंटर नदीपलीकडं राहिलं, तर नव्या ठिकाणी पेशंटनं किती बोलावं?

फौंड्रीवाला_शिरोली

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, दमानं वाचा.

मी शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लागणारे नमुने करतो. आईला आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार. २०१९ चा पूर ओसरल्यावर चार-पाच महिन्यांत सुरू झालं ते आजतागायत. सेंटर कोल्हापुरात, म्हणजे आमच्या हिशेबानं पंचगंगेच्या पलीकडं. एरवी वीस मिनिटांचा रस्ता. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या.

गोष्ट २०२१ ची. २० जुलै, मंगळवार, आईचं डायलिसिस नीट झालं. शुक्रवारी २३ ला गाडीवाल्यानं पुलाकडं जायला सरळ नकार दिला, आणि त्याचं बरोबरच होतं. पुढं हायवेच बंद झाला. आमच्या घरात गुडघाभर पाणी, म्हणून आम्ही शाळेतल्या छावणीत. वर कोरोना चालूच होता, एका वर्गात पंचवीस माणसं आणि मास्क सगळ्यांचे हनुवटीला.

छावणीत मदत लई आली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण काय आली बघा: केळी, फरसाण, बटाट्याची खिचडी, लोणच्याच्या पुड्या, गुळाचा चहा. म्हणजे किडनीच्या पेशंटला जे जे वर्ज्य, त्याची पंगतच. आईनं केळं परत केलं तर वाढणारी बाई म्हणाली, "आज्जी, पुरात काय नखरे करायचे?" आई काही बोलली नाही. एका पेल्याला तिनं नखानं खूण केलेली होती, तेवढंच पाणी दिवसात तीनदा. शेजारची माणसं तिला आग्रह करून पाजायला बघायची.

रविवारी एका टेम्पोवाल्यानं हेर्ले, हातकणंगले करत इचलकरंजीच्या बाजूला एका सेंटरला सोडलं. आधी अँटिजेन टेस्ट, मग कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट मागितले. ते माझ्याकडं प्लास्टिकच्या पिशवीत होते. नशीब, आईनं घर सोडताना दागिन्यांच्या आधी ती पिशवी उचलली होती. वजन भरलं ५१.८. आईचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ४८. म्हणजे पावणेचार लिटर पाणी अंगात.

तिथल्या पोरानं मशीनवर सगळंच्या सगळं लावलं. आई म्हणाली, "बाळ, अडीचच्या वर काढू नको. गोळं येत्यात मला. वहीत लिवलंय बघ." वही म्हणजे दोनशे पानी, प्रत्येक डायलिसिसचं आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, काय त्रास झाला. मी लिहितो, ती सांगते. पोरगं म्हणालं, "तुमच्या सेंटरचं तुमच्या सेंटरला. इथं आम्ही बघतो." मी वही पुढं केली तर म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी गप्प बसलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या तासाला पोटऱ्या दगडासारख्या. आईनं माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ होता. बीपी ८० वर ५०. मग सलाईन परत सोडलं, पाय वर केले, धावाधाव. तेवढ्यात शिफ्ट बदलली आणि नव्या सिस्टरनं पहिलं काय केलं असेल तर वही मागितली. उभ्या उभ्या मागची चार पानं चाळली आणि म्हणाली, "आजी बरोबर सांगत होत्या की. राहिलेलं उद्या काढू." सोमवारी दीड लिटर काढलं, काहीही त्रास नाही.

आमच्या धंद्यात पॅटर्न करताना श्रिंकेज धरावं लागतं, म्हणजे धातू थंड होताना जेवढा आकसतो तेवढं माप वाढवून ठेवायचं. बिडाला साधारण एक टक्का, स्टीलला दोन. धातू कुठला ते न विचारता सगळ्यांना एकच धरलं तर कास्टिंग भंगारात जातं. इथं तर माणूस स्वतः सांगत होता आपण कुठला धातू ते.

पावसाळा तोंडावर आहे. २०२४ लाही ४३ ओलांडलं होतं, तेव्हा 'आता नाही येणार' म्हणायची सोय उरलेली नाही. मला विचारायचंय ते असं, की अनोळखी सेंटरला, तेही सगळे ताणात असताना, पेशंटनं आपलं म्हणणं कसं पुढं ठेवावं? त्यांना राग न येता? आणि दोनशे पानी वहीऐवजी एका कागदावर काय काय असावं? जाणकारांनी सांगा. टोमणे मारणाऱ्यांनी चहा घेऊन या.

---

तिसरी_शिफ्ट

चहा घेऊनच आलोय. मी डायलिसिस टेक्निशियन, कोल्हापुरातच. कुठं ते विचारू नका.

आधी त्या पोराची बाजू सांगतो, मग आईंची. एका पेशंटला चार तासांत साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबानं. आरओत वाया जाणारं धरलं तर कच्चं पाणी त्याहून बरंच जास्त. आणि पुरात बालिंगा, शिंगणापूर, नागदेववाडी ही उपसा केंद्रंच पाण्याखाली गेलेली. सगळीकडं पूर आणि नळाला टिपूस नाही. आम्ही टँकरवर चाललो होतो. टँकरच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कुणी किती टाकलीय देव जाणे. क्लोरीन रक्तापर्यंत पोचला तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून कार्बन फिल्टरनंतर पाणी तपासल्याशिवाय मशीन लावायचं नाही. मी ती तपासणी करत उभा आणि बाहेर बाकावर नऊ माणसं, त्यातली चार कधी न पाहिलेली. अशा वेळी कुणी वही पुढं केली की डोक्यात पहिलं येतं, 'आता हे एक आणि.' प्रामाणिकपणे सांगतोय.

पण आई शंभर टक्के बरोबर होत्या. पाणी काढायचा वेग किलोमागं तासाला १३ मिलीच्या पुढं नेऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. ४८ किलो गुणिले १३ गुणिले ४ तास, करा हिशेब. २४९६ मिली. अडीच लिटर! पुस्तक न वाचता त्यांनी पोटऱ्यांवरनं काढलेला आकडा तोच आला. पावणेचार लिटर चार तासांत म्हणजे जवळजवळ २०. बीपी पडणारच. शिकलेल्या माणसानं ते लावायला नको होतं, गर्दी असो नाहीतर काही असो. वेळ वाढवता येत नसेल तर दोन दिवसांत विभागायचं, सिस्टरनं केलं तसं.

आता एक कडू गोष्ट. ड्राय वेट दगडावरची रेघ नव्हे. छावणीत आठ दिवस माणूस धड जेवला नाही तर मांस कमी होतं आणि ४८ चं ४७ होऊ शकतं. मग काटा ४८ दाखवतो, पण त्यात एक किलो पाणी लपलेलं असतं. म्हणून नुसता आकडा सांगून भागत नाही. 'रात्री आडवं झालं की दम लागतो का, उशा वाढवाव्या लागतात का, चपलेचा पट्टा घट्ट होतोय का' हेही पेशंटनंच सांगायचं. ते आम्हाला काट्यावर दिसत नाही.

कागदावर मी बघेन ते असं. ड्राय वेट आणि ते कुठल्या तारखेला ठरवलं. फिश्चुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशननं जोडून केलेली शीर) कुठल्या हातात, म्हणजे त्या हाताला कुणी बीपीचा पट्टा बांधणार नाही. हिपॅरीन (रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध) किती देतात, कशाची अ‍ॅलर्जी आहे. कावीळ-एचआयव्ही रिपोर्टची तारीख. आणि शेवटची ओळ आईंच्या शब्दांत: 'अडीचच्या वर काढलं की गोळे येतात.' बास. वही पिशवीत असू द्या, मागितली तर द्या.

आणि बोलायचं कधी? सुई टोचायच्या आधी, वजनकाट्यावर उभं असतानाच. तेव्हा आम्ही आकडा लिहीतच असतो, कान उघडे असतात. मशीन सुरू झाल्यावर सांगितलं की ती तक्रार वाटते.

---

कडू_काढा

मी राजारामपुरीत दवाखाना चालवतो, पंचवीस वर्षं झाली. या धाग्यावर सगळे पेशंटच्या बाजूनं बोलणार हे दिसतंयच, म्हणून थोडं उलटं लिहितो.

एप्रिल-मे २०२१ आठवा. माझ्या टेबलावर लोक एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, कागद आपटायचे. "डॉक्टर, स्कोअर बारा आहे, रेमडेसिविर लिहून द्या." ऑक्सिजन ९७, चालत आलेला माणूस! जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच दाखल पेशंटना ते देऊ नका असं सुचवलेलं, तरी लोक एकेका इंजेक्शनसाठी तीन जिल्हे फिरले. प्लाझ्माचंही, म्हणजे कोरोनातून बरे झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाचंही, तेच. आपल्याच देशात ३९ रुग्णालयांत ४६४ पेशंटवर चाचणी झाली, फायदा दिसला नाही, ऑक्टोबर २०२० ला छापून आलं. सरकारी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये, आणि तोवर नातेवाईक रक्तदात्यांच्या मागं धावत होते. स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना, हे जून २०२० पासून माहीत होतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा कागद बघून तापाच्या दुसऱ्या दिवशी घरी गोळ्या सुरू करणारे मी पाहिलेत. साखर तीनशे-चारशे, आणि त्यातल्याच एकाला पुढं म्युकर (काळी बुरशी) झाला. वरचा जबडा काढावा लागला त्याचा. त्याला नको म्हणून मी सांगितलं होतं, तर म्हणाला, "तुम्हाला नवीन माहिती नाही डॉक्टर."

पेशंटचा सहभाग म्हणजे हे असेल तर मला नको.

---

फौंड्रीवाला_शिरोली

डॉक्टरसाहेब, मान्य. माझा मेव्हणाही रेमडेसिविरसाठी सांगलीपर्यंत गेलेला, मीच गाडी चालवली होती. काय सांगू.

पण माझ्या आईनं औषध कुठं मागितलं? मशीन कसं चालवा हेही सांगितलं नाही. तिनं फक्त तिच्या पायाला काय होतं ते सांगितलं. रेमडेसिविर मागणाऱ्याकडं फॉरवर्ड आलेला मेसेज होता, आईकडं दीड वर्षाची वही होती. दोघांना एकाच दावणीला बांधू नका.

---

कडू_काढा

दावणीचं बरोबर बोललात. मागं घेतो अर्धं.

आणि खरं सांगायचं तर त्याच दुसऱ्या लाटेत माझी कामं सोपी केली ती अशाच वह्यांनी. घरी विलगीकरणात असलेल्यांना मी सांगितलं होतं, दिवसातनं चारदा ऑक्सिजन आणि ताप लिहा. सहा मिनिटं घरातल्या घरात चाला आणि परत बघा, ९४ च्या खाली गेलं किंवा बसल्यापेक्षा चांगलंच उतरलं तर फोन करा. रात्री दोनला फोन आला की ज्या घरात वही होती तिथं मला एका मिनिटात ठरवता यायचं, आत्ता निघा की सकाळपर्यंत थांबा. ज्या घरात नव्हती तिथं 'डॉक्टर, जरा घाबरल्यासारखं होतंय' एवढंच.

शाहूपुरीतल्या एका आज्जींची आठवण येते. बेड मिळेपर्यंत पालथं झोपा असं सांगितलं होतं. आज्जींचं पोट मोठं, जमेना. त्यांनी स्वतःच उखळाशेजारची गोणपाटाची गुंडाळी छातीखाली आणि एक उशी मांडीखाली घेऊन जमवलं, वर मला फोनवर सांगतात, "ऐंशीचं ब्याण्णव झालं बघा, पण मान अवघडली." मग मान दर अर्ध्या तासानं दुसरीकडं वळवा म्हटलं. उखळाची गोणपाट मी काही लिहून दिली नव्हती.

---

शिरोळची_आशा

मी आशा, शिरोळ तालुक्यात. आमच्याकडं कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही, त्यामुळं आमचा पूर डबल असतो.

पुरानंतर लेप्टो (उंदरांपासून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सी या अँटिबायोटिकच्या गोळ्या वाटतो, मोठ्या माणसाला आठवड्यातनं एकदा २०० मिलिग्रॅम. पहिल्या वर्षी नुसत्या वाटल्या. निम्म्या उकिरड्यावर सापडल्या. उपाशीपोटी घेऊन मळमळलं की लोक फेकून देतात. पुढच्या खेपेला सांगत गेले, की जेवण झाल्यावर घ्या, भरपूर पाण्याबरोबर, दुधासंगं नको, घेतल्या घेतल्या आडवं पडू नका, गरोदर बाईनं घेऊ नये. आणि का घ्यायची तेही: उंदराच्या मुतातनं, पायाच्या चिरेतनं. 'चिखलात जनावरं सोडायला कोण गेलं होतं?' असं विचारलं की बापे आपोआप हात पुढं करतात. एका आजोबानं विचारलं, "माझी ॲसिडिटीची गोळी चालू आहे, चालंल का?" वाटताना त्या प्रश्नाचा मला राग आलेला, ओळ लांब होती. पण तोच एकटा होता ज्यानं सगळ्या खेपा पुऱ्या केल्या.

डायलिसिसवाल्यांना एक सांगते. मे महिन्यातच गावातल्या आशाकडं नाव नोंदवा. आम्ही गरोदर बायांची यादी ठेवतो, त्याच कागदाच्या मागं मी इन्सुलिनवाले आणि डायलिसिसवाले लिहायला लागले. वरून कुणी सांगितलेलं नाही. बोटी येतात तेव्हा 'पहिलं कोण' हे त्या यादीवरनं ठरतं. लाईट गेल्यावर इन्सुलिन कोरड्या डबीत घालून डबी माठात ठेवायची, हे मला एका पेशंटनंच शिकवलं.

---

कागदपत्रं_जपा

थोडक्यात एकच. आपल्या उपचाराची कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावीत, हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची २०१८ ची रुग्ण हक्कांची सनद आहे, त्यातही नोंदी मिळण्याचा आणि उपचाराची माहिती मिळण्याचा हक्क आहे. पण पाणी ४० फुटांवर आल्यावर अर्ज करत बसू नका. आत्ताच शेवटच्या तीन महिन्यांच्या झेरॉक्स मागून घ्या, फोटो काढा आणि परगावच्या एका नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. मोबाइल भिजतो, पुण्यातला भाचा भिजत नाही.

---

तिसरी_शिफ्ट

आशाताई, ती यादी आमच्याकडंही पाठवा हो. आम्हाला कोण कुठं अडकलंय ते पाणी उतरल्यावरच कळतं.

फौंड्रीवाले, एक राहिलं. पेल्यावर नखानं खूण करणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार, पण बाकीच्यांसाठी: डायलिसिस चुकणार असं दिसलं की त्याच दिवसापासून पाणी नेहमीच्या निम्म्यावर आणा. केळं, शहाळं, बटाटा, गूळ, सुकामेवा बंद. साधा भात, पोहे चालतील. पोटॅशियम बांधणारी पावडर मिळते, ती आधीच डॉक्टरांना विचारून, लिहून घेऊन पिशवीत ठेवा, आपल्या मनानं नको. पाण्यानं सूज तरी दिसते. पोटॅशियम दिसत नाही. पाय एकदम लुळे वाटले, नाडी मंद लागली तर पूर असो वा नसो, मिळेल त्या दवाखान्यात जाऊन आधी ईसीजी.

आणि धोक्याच्या पातळीची वाट बघू नका. ३९ झालं की आपल्या वाराच्या आदल्या दिवशीच येऊन डायलिसिस करून जा. चार-पाच वेळा उगाच येणं होईल, होऊ दे. आम्ही शिव्या देऊ थोड्या.

---

फौंड्रीवाला_शिरोली

सगळ्यांचे आभार. आज सुट्टी होती, आईला सगळं वाचून दाखवलं. अडीच लिटरचा हिशेब ऐकून म्हणाली, "मग मी काय सांगत हुतो?" (आमच्याकडं बायकाही 'हुतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) गोणपाटवाल्या आज्जींचा पत्ता मागतेय, डॉक्टरसाहेब. नका देऊ, ती खरंच जाईल.

कागद केला. तिसरी_शिफ्टनं सांगितलेलं सगळं एका बाजूला बसलं. मागं आईनं स्वतः दोन ओळी सांगितल्या. एक, 'दम लागतो का ते मला विचारा, मुलाला नको.' ही माझ्यावर आहे, मी तिच्या आधी उत्तर देतो म्हणे. दुसरी, 'गुळाचा चहा देऊ नये.' मी म्हटलं, हे सेंटरला कशाला? म्हणाली, छावणीत त्या बाईला दाखवायला.

आशाताईंच्या सांगण्यावरनं आमच्या इथल्या आशाला फोन केला. तिच्याकडं यादी नव्हती, करते म्हणाली. नाव पहिलं आईचं.

मी कागद लॅमिनेशन करून आणणार होतो, चौकात दहा रुपयांत होतं. आई नको म्हणाली. वजन बदललं तर खोडायचं कसं? म्हणून पिशवीत शिसपेन्सिल आणि खोडरबर टाकलंय, आणि कागदाला नुसतं प्लास्टिकचं पाकीट.